सासऱ्यांचा डी, सुनेचा सी: एका घरातले दोन हिपॅटायटीस बी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही सांगलीकडचे. भावाच्या लग्नाला दोन वर्षं झाली, वहिनी आसामातल्या. गरोदरपणाच्या नेहमीच्या तपासणीत त्यांचा एचबीएसएजी (यकृतात राहणाऱ्या हिपॅटायटीस बी विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन; ते रक्तात सापडलं म्हणजे संसर्ग आहे) पॉझिटिव्ह आला. मग घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं, तर भाऊ निगेटिव्ह आणि बाबा, वय ५९, पॉझिटिव्ह. घराने लगेच निकाल लावून टाकला: ‘ती आली आणि आजार आला.’ वहिनींचं ताट-वाटी वेगळं झालं. तुम्ही पदरचे पैसे घालून दोघांची जीनोटाइप चाचणी, म्हणजे विषाणूचा वाण कोणता ते सांगणारी चाचणी, करून घेतलीत. बाबांचा डी, वहिनींचा सी. आता विचारताय की एकाच घरात दोन वाण कसे, त्यातला वाईट कोणता, आणि बाळाला मिळणारी लस दोन्हींवर चालेल का.

उत्तर लांबणार आहे, म्हणून ज्या गोष्टीला मुदत आहे ती आधी सांगते. वहिनींना २६वा आठवडा चालू आहे असं तुम्ही लिहिलंय. त्यांचा ई-अँटिजेन (विषाणू जोमात वाढताना रक्तात सोडतो ते प्रथिन) आणि व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे त्याचं मोजमाप) झालाय का, याचा तुमच्या मजकुरात कुठे उल्लेख नाही. झाला नसेल तर उद्या सकाळी सॅम्पल द्या. व्हायरल लोड २ लाख युनिट प्रति मिली किंवा त्याहून जास्त असेल, तर आईला टेनोफोविर ही विषाणू दाबणारी गोळी सुरू करतात. पूर्वी २८व्या आठवड्याच्या सुमारास करायचे, आता त्याच्याही आधी सुरू करायला सांगतात. जीनोटाइपचा रिपोर्ट पुढच्या वर्षी आला असता तरी चाललं असतं, हा रिपोर्ट मात्र थांबणार नाही.

आता मूळ गोष्टीकडे. मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर, गेली बावीस वर्षं विषाणूंच्या प्रयोगशाळेत. पेशंटपेक्षा त्यांच्या रक्ताच्या नळ्या मी जास्त बघितल्यात, तेव्हा औषधाचा अंतिम निर्णय तुमच्या यकृततज्ज्ञांचाच. पण ‘कुणाकडून कुणाला’ हा प्रश्न माझ्या टेबलावर नेहमी येतो, आणि तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी खरं तर तोच आहे.

त्याचं उत्तर द्यायला जीनोटाइपचीही गरज नव्हती, बाबांचं वय पुरेसं होतं. हिपॅटायटीस बीचा संसर्ग जन्माच्या वेळी झाला तर दहातल्या नऊ बाळांच्या अंगात तो कायमचा मुक्काम करतो. पाच वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये साधारण तिघांत एकाच्या. धडधाकट मोठ्या माणसाला झाला तर शंभरात पंचाण्णवहून अधिक जण काही महिन्यांत तो झटकून टाकतात. म्हणजे ५९व्या वर्षी ज्याच्या रक्तात हा विषाणू ठाण मांडून बसलेला सापडतो, त्याला तो बहुतेक वेळा लहानपणीच लागलेला असतो. तुमच्या बाबांचं लहानपण म्हणजे १९६०-७०चं दशक. काचेची सिरिंज, स्टीलच्या डब्यात उकळलेल्या त्याच त्या सुया, रांगेतल्या सगळ्या पोरांना एकापाठोपाठ एक टोचणं, गावच्या न्हाव्याचा एकच वस्तरा, जत्रेत कान टोचून घेणं. नेमकं कुठून आलं ते आता कुणीच सांगू शकणार नाही. पण तेव्हा तुमच्या वहिनींचा जन्मही झालेला नव्हता.

जीनोटाइपने त्यावर शिक्का मारला इतकंच. सीच्या संसर्गातून डी होत नाही. दोन जीनोटाइपमध्ये संपूर्ण जनुकसंचात ८ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त फरक असतो. या विषाणूचा अख्खा संच डीएनएच्या जेमतेम ३२०० अक्षरांचा, म्हणजे अडीचशे अक्षरं इकडची तिकडे. एवढा फरक दोन वर्षांत पडत नाही, शतकं जावी लागतात. त्यातून डी तर लांबीनेच वेगळा ओळखू येतो: ३१८२ अक्षरं. सी ३२१५चा. डीच्या एका जनुकातला ३३ अक्षरांचा तुकडा कधीकाळी गळून गेलाय आणि तो जगभरातल्या डीमध्ये गळलेलाच आहे.

इथे एक इशारा, कारण या जागी मी स्वतः ठेच खाल्ली आहे. जीनोटाइप वेगळे असतील तर ‘एकमेकांकडून नाही’ असं बऱ्यापैकी ठामपणे म्हणता येतं. (बऱ्यापैकी अशासाठी की क्वचित एकाच माणसात दोन जीनोटाइप नांदतात आणि साध्या चाचणीला त्यातला जास्त संख्येचा एकच दिसतो.) पण जीनोटाइप सारखे निघाले म्हणून ‘एकमेकांकडूनच’ असं म्हणता येत नाही. कामाला लागून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा दोन सख्खे भाऊ आले, एकाच दुकानात बसणारे. दोघांचाही डी. मी रिपोर्ट देताना सहज बोलून गेले, ‘मग घरातूनच आलं असणार.’ धाकट्याच्या बायकोने ते ऐकलं आणि त्या घरात पुढे बरंच काही झालं. वर्षभराने दुसऱ्या कामासाठी त्याच नमुन्यांचं सिक्वेन्सिंग केलं, म्हणजे जनुकं अक्षरशः वाचली, तर एकाचा डी१, दुसऱ्याचा डी३, डीचेच दोन उपप्रकार. वंशवृक्षावर दोघे पार वेगवेगळ्या फांद्यांवर. महाराष्ट्रात बहुतेकांचा डीच असतो हो, दोघांचा डी निघणं म्हणजे दोघांचं आडनाव पाटील निघण्यासारखं आहे. तेव्हापासून रिपोर्टवर जेवढं छापलंय त्याच्या पुढचं वाक्य मी तोंडातून काढत नाही.

एकाच देशात वेगवेगळे वाण कसे, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. आपल्याकडे आडनावात गाव असतं. सातारकर, नागपूरकर. खापरपणजोबा कुठून आले ते कळतं, माणूस कसा आहे ते नाही. जीनोटाइपचं तसंच. जगात ए पासून जे पर्यंत दहा अक्षरं वापरात आहेत, त्यातलं ‘जे’ हे अक्षर एकाच जपानी रुग्णावरून ठरवलेलं, तेव्हा ते अजून कच्चंच धरतात. ई पश्चिम आफ्रिकेचा, एफ आणि एच अमेरिका खंडाचे, बी आणि सी पूर्व व आग्नेय आशियाचे, डी भूमध्य समुद्रापासून मध्य आशियामार्गे आपल्यापर्यंत पसरलेला. भारत या वाटांच्या मधोमध. उत्तर, पश्चिम आणि दक्षिण भारतात डीचं राज्य, त्याच्या मागोमाग ए. बंगालकडे आणि ईशान्येला गेलात की सी लक्षणीय प्रमाणात भेटायला लागतो. आसामात डी नाही असं समजू नका, तिथेही तो भरपूर आहे. वहिनींचा सी निघाला ही शक्यतेतली गोष्ट, हमखास नव्हे.

आपल्याकडचा ए हा बहुतांशी ए१ उपप्रकार, युरोपातला ए२ वेगळा. ए१ची जवळची भावंडं पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत सापडतात. अरबी समुद्रावरचा व्यापार आणि गुलामांची ने-आण यांतून तो या किनाऱ्याला लागला असावा असं वंशवृक्ष काढणारे म्हणतात. अरुणाचल प्रदेशात तर आणखी नवल. तिथल्या इदू मिश्मी जमातीत आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला जो वाण सापडला, तो व्हिएतनाम-लाओसमधल्या आय प्रकाराशी जुळणारा निघाला. डोंगराच्या दोन बाजूंना राहणाऱ्या लोकांचा जुना संबंध कागदावर नसला तरी यकृतात नोंदलेला राहतो. हा विषाणू माणसाबरोबर किती जुना आहे म्हणाल, तर २०१८ साली युरोपातल्या सुमारे ७००० वर्षांपूर्वीच्या सांगाड्याच्या दातातून त्याचं डीएनए मिळालं. नेपल्समधल्या सोळाव्या शतकातल्या एका मुलाच्या ममीला देवी झाल्या होत्या असं वर्षानुवर्षं मानत होते, जनुकं वाचल्यावर तिच्यात हिपॅटायटीस बी निघाला, आणि तोही डी.

एवढी विविधता येते कुठून? हा डीएनए विषाणू असला तरी आपली नक्कल आरएनएमार्गे उलटी काढतो, आणि ती काढणाऱ्या एन्झाइमला चुका तपासायची सोय नाही. भरात असलेल्या संसर्गात दिवसाला शंभर अब्जांच्या घरात नवे कण तयार होतात, तेव्हा चुकीचे कितीतरी. पण सगळ्याच चुका टिकत नाहीत. या विषाणूने जागा वाचवण्यासाठी एकाच मजकुरात दोन-दोन जनुकं कोंबली आहेत. मी विद्यार्थ्यांना फळ्यावर ‘सुधाकर’ लिहून दाखवते. एका वाचनात ते एक नाव, दुसऱ्या वाचनात सुधाला दिलेला हुकूम. त्यातलं एक अक्षर बदललंत तर दोन्ही अर्थ एकदम बिघडतात. म्हणून हा विषाणू बदलतो खरा, पण एचआयव्हीसारखा सैरावैरा नाही.

आता ‘वाईट कोणता’. गूगलवर तुम्ही ‘सी म्हणजे कॅन्सर’ वाचलंत आणि घाबरलात. अर्धं खरं आहे. तैवान वगैरे भागांत, जिथे बी आणि सी शेजारी शेजारी नांदतात, तिथे सी असलेल्यांना यकृताचा कॅन्सर जास्त होतो हे पुन्हा पुन्हा दिसलंय. अलास्काच्या मूळनिवासींमध्ये पाच जीनोटाइप आढळतात. तिथे इतर प्रकारांत निम्म्या लोकांचा ई-अँटिजेन विशीच्या आत गेला होता, सीमध्ये त्याला चाळिशी उलटावी लागली. म्हणजे सीची माणसं जास्त वर्षं जास्त विषाणू बाळगतात, आणि त्या वर्षांची किंमत यकृत मोजतं. त्या मधल्या काळात बाईचं वय बाळंतपणाचं असतं, म्हणून पूर्व आशियात हा आजार आईकडून बाळाकडे जास्त गेला. तुमच्या वहिनींच्या बाबतीत सी या अक्षराचा मला एवढाच उपयोग दिसतो: ई-अँटिजेन अजून पॉझिटिव्ह असण्याची शक्यता धरून चला आणि व्हायरल लोड लवकर बघा. मुदतीची गोष्ट वर आधी लिहिली ती यासाठीच.

डीबद्दल भारतातलेच अभ्यास एकमेकांशी भांडतात. दिल्लीच्या एका अभ्यासाला डी जड वाटला. पुण्याहून २००३ साली आलेल्या पश्चिम भारताच्या अभ्यासात जीनोटाइप आणि आजाराची तीव्रता यांचा संबंध दिसला नाही. माझा कल पुण्याच्या बाजूला आहे, आणि केवळ मी इकडची म्हणून नाही. रोज जे नमुने बघते त्यात डी असलेली सत्तरीची ठणठणीत माणसंही असतात आणि पस्तिशीत सिरॉसिस झालेलीही. अक्षर एकच. फरक पडतो तो वय, व्हायरल लोड, दारू, मधुमेह, वजन, सोबत हिपॅटायटीस डेल्टा किंवा हिपॅटायटीस सी हा वेगळाच विषाणू आहे का, आणि जीनोटाइपच्या आत झालेले बारीक बदल यांनी.

त्यातला एक बारीक बदल तुमच्या बाबांसाठी नीट सांगते. त्यांच्या रिपोर्टवर ‘ई-अँटिजेन निगेटिव्ह’ आहे आणि कुणीतरी तुम्हाला ‘म्हणजे विषाणू झोपलाय’ असं सांगितलंय. थांबा. सिक्वेन्सिंगच्या आलेखात डीएनएच्या चार अक्षरांचे (ही जीनोटाइपची अक्षरं नव्हेत) चार रंगांचे उंचवटे एकामागून एक येतात: ए हिरवा, सी निळा, जी काळा, टी लाल. डी असलेल्या पेशंटचा आलेख उघडला की मी सवयीने १८९६ या जागेवर जाते. तिथे काळा उंचवटा असायला हवा. पुष्कळदा तिथे हिरवा असतो. किंवा काळ्याच्या खाली हिरवा डोकं वर काढत असतो, म्हणजे त्या माणसात दोन्ही जमाती आहेत. त्या एका अक्षराने ‘टीजीजी’चं ‘टीएजी’ होतं, आणि टीएजी म्हणजे पूर्णविराम. ई-अँटिजेनचं वाक्य तिथेच तुटतं. विषाणू वाढत राहतो, फक्त ई-अँटिजेन बनवत नाही. रिपोर्ट निगेटिव्ह, यकृत मात्र जळतंय.

हे डीमध्येच इतकं का? विषाणूच्या आरएनएची ती जागा केसाच्या पिनेसारखी दुमडलेली असते आणि १८९६च्या समोर १८५८ येते. दोघांची जोडी जुळली तरच पीन घट्ट बसते. डी जीनोटाइपमध्ये १८५८ला टी हे अक्षर असतं, त्याची जोडी ए या अक्षराशी छान जमते, म्हणजे बिघाड झाल्यावर पीन उलट मजबूत होते. ए जीनोटाइपमध्ये तिथे बहुधा सी हे अक्षर असतं, त्याला समोर जी हेच अक्षर लागतं, म्हणून तिथे हा बदल टिकत नाही. जीनोटाइप कळून काही उपयोग होत असेल तर तो असा: डीच्या माणसाचा ई निगेटिव्ह रिपोर्ट मी कधीच सुटकेचा मानत नाही. त्यांचा व्हायरल लोड वर-खाली होत राहतो, एका महिन्यात हजाराच्या आत आणि पुढच्या वेळी लाखावर. म्हणून एका रिपोर्टवर ठरवू नका. पहिलं वर्ष दर तीन-चार महिन्यांनी एएलटी (यकृताला इजा होतेय का ते सांगणारी रक्तचाचणी) आणि व्हायरल लोड, एकदा फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी), आणि वय बघता दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. बाबांच्या घराण्यात कुणी ‘पोटात पाणी होऊन’ गेलं होतं का, तेही डॉक्टरांना सांगा.

या बदलांनी काय होऊ शकतं याचं उदाहरण शेजारच्या राज्यातलं आहे. २००९च्या सुरुवातीला गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यात, मोडासाच्या आसपास, हिपॅटायटीस बीची साथ आली. त्याच त्या सिरिंज पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या होत्या. ऐंशीहून जास्त माणसं गेली. हिपॅटायटीस बीच्या मानाने हे मृत्यूंचं प्रमाण भयंकर होतं. पुण्याच्या संस्थेने नमुने तपासले तेव्हा विषाणू आपला नेहमीचा डीच निघाला. वेगळेपण होतं ते ई-अँटिजेन बंद किंवा कमी करणाऱ्या बदलांचं, आणि अशा विषाणूच्या सुईतून झालेल्या प्रसाराचं. नुसतं ‘डी’ एवढंच लिहिलेला रिपोर्ट त्या साथीबद्दल काहीही सांगू शकला नसता.

औषधाच्या बाबतीत जीनोटाइपचा उपयोग त्याहून कमी. इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायची असतील तर ए आणि बी जास्त दाद देतात, सी आणि डी कमी. आज बहुतेकांना टेनोफोविर किंवा एन्टेकॅविर देतात आणि त्या गोळ्यांना कुठल्याही जीनोटाइपने फरक पडत नाही. सरकारच्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात, जो २०१८ला सुरू झाला, तपासणी आणि औषध मोफत आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. तुम्ही विचारलेलं ‘होल जीनोम’, म्हणजे विषाणूचा अख्खा जनुकसंच वाचून घेणं, करू नका. त्या पैशांत बाबांचे दोन व्हायरल लोड होतील.

बाळाच्या लसीबद्दल निश्चिंत राहा. बहुतेक लसी ए२ प्रकाराच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनापासून बनवतात, म्हणजे तुमच्या घरातल्या दोन्ही वाणांशी तिचं अक्षर जुळत नाही. तरी ती चालते, कारण त्या प्रथिनाचा ‘ए डिटरमिनंट’ नावाचा वळणदार भाग सगळ्या जीनोटाइपमध्ये जवळपास सारखा आहे आणि शरीर मुख्यतः त्यालाच ओळखायला शिकतं. लसीला चकवणारा १४५व्या जागेचा बदल १९९०मध्ये इटलीतल्या एका बाळात सापडला होता. तो आहे, पण त्याने लसीचं जगभरातलं काम कुठे अडलेलं नाही. अडतं ते वेळेवर. ई-अँटिजेन पॉझिटिव्ह आईच्या बाळाला काहीच दिलं नाही तर दहातल्या सात ते नऊ बाळांना लागण होते. म्हणून पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत, खरं तर १२ तासांतच, आणि सोबत दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडी. हे दुसरं इंजेक्शन प्रत्येक ठिकाणी फ्रिजमध्ये नसतं, तेव्हा प्रसूती कुठे करायची ते ठरलं की तिथे आधीच विचारून ठेवा. रात्री अडीच वाजता मेडिकल शोधत फिरणारे बाप मी पाहिले आहेत. नंतरचे डोस सहा, दहा, चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच-इन-एक लसीमधून, ते सगळ्यांच्याच बाळांना मिळतात. नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान बाळाचं एचबीएसएजी आणि अँटीबॉडी तपासा. सिझेरियनची गरज यासाठी नाही आणि अंगावर पाजायला हरकत नाही.

राहिलं ताट-वाटीचं. हा विषाणू जेवणातून, पाण्यातून, एका ताटातून पसरत नाही. तो रक्तातून, संभोगातून आणि आईकडून बाळाला जातो. वेगळं ठेवायचं असेल तर रेझर, टूथब्रश, नेलकटर वेगळं ठेवा, आणि ते वहिनींचं तसं बाबांचंही. भावाचा एचबीएसएजी निगेटिव्ह आहे, पण त्याची अँटीबॉडी तपासलेली दिसत नाही. ती करून घ्या आणि संरक्षण नसेल तर ०, १, ६ महिन्यांचे तीन डोस आजपासून सुरू करा, तुमच्या आईचे आणि तुमचेही. तोवर एक विचारून बघा: भाऊ दाढी कुणाच्या रेझरने करतो?